आकाशवाटेवरील शब्दाची कसोटी

शास्त्रीय शोधांचा इतिहास लिहितांना शोध लागल्याचा दिवस मोठ्या अक्षरांनीं नोंदण्याची वहिवाट आहे. त्या शोधावर माणसाचा जीव सोंपविण्यापूर्वीं त्याची जी परीक्षा घ्यावी लागली, तिचा वृत्तांत मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. सोनें सांपडलें हें सर्वांस कळतें. तें कसास लावणारा सराफ पडद्याआडच राहतो. विमानविद्येची गोष्ट अशीच आहे. राइट बंधूंचें विमान सन १९०३ मध्यें उडालें हें शाळेंतील मुलांस पाठ असतें. परंतु विमानांत बसलेल्या मनुष्याचें बोलणें भूमीवरील मनुष्यास, आणि भूमीवरील मनुष्याची सूचना विमानांतील मनुष्यास, निश्चित पोंचते कीं नाहीं हें पाहण्यांत किती वर्षें खर्चीं पडलीं याचा विचार आपण करीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही या दुसऱ्या इतिहासाचें, त्यांतही कृत्रिम उपग्रहांच्या द्वारें विमानांशीं बोलण्याच्या साधनांची जी परीक्षा गेल्या साठ वर्षांत झाली तिचें, दिग्दर्शन करणार आहों.

हा विषय मुंबईच्या विमानतळाशेजारीं राहणारांचा आहे, आपला नव्हे, असें कोणी म्हणेल. तसें नाहीं. हिंगोली जिल्ह्यांतील कळमनुरी हें तालुक्याचें गांव घ्या. पूर्वीं तें निजामाच्या राज्यांत, परभणी जिल्ह्यांत होतें; सन १९५६ मध्यें मुंबई राज्यांत व सन १९६० मध्यें महाराष्ट्रांत आलें, आणि १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा निराळा झाल्यावर त्यांत मोडूं लागलें. येथें विमानतळ नाहीं. जवळचा विमानतळ नांदेडचा. परंतु येथील रानांत कापूस वेंचणाऱ्या बाईनें मान वर केली, तर निरभ्र दिवशीं विमानानें आभाळांत ओढलेली पांढरी रेघ तिला दिसते. त्या रेघेच्या टोकाशीं बसलेला वैमानिक कोणाशीं बोलत असेल? विमानाच्या नित्याच्या बोलण्यास ज्या लहरी वापरतात, ज्यांस व्यवहारांत व्ही. एच. एफ. म्हणतात, त्या प्रकाशाप्रमाणें बहुतेक सरळ जातात; पृथ्वीच्या गोलाईआड वांकून जात नाहींत. ३५,००० फुटांवरील विमानाचा आवाज त्यामुळें भूमीवर फार तर सव्वाचारशें किलोमीटरपर्यंत पोंचतो. कळमनुरीपासून नागपूर सरळ रेघेनें सुमारें अडीचशें किलोमीटर आहे, आणि मुंबई पावणेपांचशें. म्हणजे कळमनुरीच्या डोक्यावरील विमानास नागपूर थेट ऐकूं येतें, पण मुंबईचा थेट आवाज पृथ्वीच्या पाठीआड राहतो.

भूमीवर यास उपाय आहे. मध्यें मध्यें केंद्रें उभारून तीं एकमेकांस जोडतां येतात. पण तेंच विमान मुंबई ओलांडून अरबी समुद्रावर गेलें म्हणजे खांब कोठें रोवावयाचा? आखातांत नोकरीस निघालेला मराठवाड्याचा तरुण त्या वेळीं बहुधा झोंपलेला असतो. त्याचें विमान या घटकेस नेमकें कोठें आहे हें जमिनीवर कोणास ठाऊक आहे काय, हा प्रश्न वैमानिकाइतकाच त्या तरुणाच्या आईबापांचाही आहे.

विमानें प्रथम मुकींच उडत होतीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनीं टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर आपलें लहानसें पस मॉथ विमान उतरविलें, तेव्हां त्यांच्याजवळ बिनतारी यंत्र नव्हतें. वाटेंत वादळ असल्यास तें डोळ्यांनीं दिसेल तेव्हां खरें. पुढील गांवीं पाऊस आहे काय हें विचारण्याची सोय नव्हती. पुढें बिनतारी यंत्रें विमानांत आलीं व लांबच्या पल्ल्यासाठीं लघुलहरींचा उपयोग होऊं लागला. या लहरींची मौज अशी कीं, त्या वर जाऊन ऊर्ध्व वातावरणांतील विद्युद्भारित थरावर आपटतात व परावर्तन पावून हजारों किलोमीटरांवर पुन्हां भूमीस मिळतात. समुद्रावरील विमानांचा दुसऱ्या महायुद्धानंतरचा बहुतेक सर्व संवाद या आकाशांतील आरशाच्या आधारें चालला.

परंतु हा आरसा स्थिर नाहीं. दिवसां त्याचें एक रूप, रात्रीं दुसरें. सूर्यावर खळबळ झाली कीं तो फुटल्यासारखा होतो. ज्यांनीं रेडिओवर लघुलहरींचें दूरचें स्टेशन लावण्याचा खटाटोप केला असेल त्यांस चण्यांच्या भट्टीसारखा तो तडतडाट आठवत असेल. त्या तडतडाटांतून वैमानिकानें आपलें स्थान, उंची व पुढील टप्प्याची वेळ सांगावयाची, भूमीवरील बिनतारी कारकुनानें ती टिपावयाची, आणि मग ती चिठ्ठी वाहतूक-नियंत्रकाच्या हातीं जावयाची, अशी रीत होती. नियंत्रकाच्या समोरील चित्र त्यामुळें नेहमीं कांहीं मिनिटें शिळें असे. विमान ताशीं नऊशें किलोमीटर वेगानें जात असतां दहा मिनिटें शिळी बातमी म्हणजे दीडशें किलोमीटरांची चूक. म्हणून दोन विमानांमध्यें शंभर सागरी मैलांच्या आसपास अंतर राखणें भाग पडे. सुरक्षितपणा अज्ञानाच्या प्रमाणांत अंतर वाढवून विकत घ्यावा लागे, असें म्हटलें तरी चालेल.

सन १९४५ मध्यें आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकानें एक कल्पना मांडली. विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर एखादी वस्तु फिरत ठेवली, तर तिची प्रदक्षिणा पृथ्वीच्या परिवलनाइतक्याच वेळांत होईल व भूमीवरून ती एका जागीं टांगल्यासारखी दिसेल. अशा तीन वस्तूंनीं बहुतेक सर्व पृथ्वी एकमेकींशीं बोलती करतां येईल. पुढें एकोणीस वर्षांनीं, ऑगस्ट १९६४ मध्यें, सिंकॉम ३ हा असा पहिला खरोखर स्थिर उपग्रह अमेरिकेनें सोडला. टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांचीं चित्रें त्यानें पॅसिफिकपार नेलीं, म्हणून त्याची कीर्ति झाली. त्याच उपग्रहामार्फत पॅन अमेरिकन कंपनीच्या बोइंग विमानाशीं टंकमुद्रित संदेशांची देवघेव करून पाहण्यांत आली, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत नाहीं. आमच्या विषयाचा आरंभ येथून होतो.

डिसेंबर १९६६ मध्यें ए. टी. एस. मालिकेंतील पहिला उपग्रह सुटला आणि त्यावरील व्ही. एच. एफ. यंत्रामार्फत उडत्या विमानांशीं प्रत्यक्ष बोलून पाहण्यांत आलें. बोलणें झालें, परंतु परीक्षकांचें समाधान झालें नाहीं. या लहरी त्याच विद्युद्भारित थरांतून जातांना कधीं बळावत, कधीं क्षीण होत. शिवाय या पट्ट्यांत जागा थोडी व मागणारे फार. तेव्हां अधिक आंखूड लहरींच्या, ज्यांस एल-पट्टा म्हणतात त्या, मार्गाकडे शास्त्रज्ञ वळले, व सन १९७१ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत त्या पट्ट्यांतील कांहीं भाग विमानें व जहाजें यांच्या उपग्रह-संवादासाठीं राखून ठेवण्यांत आला. या मार्गाची पहिली परीक्षा ज्या उपग्रहाकडून व्हावयाची तो ए. टी. एस. ५ सन १९६९ मध्यें कक्षेंत पोंचला, पण त्याची भोंवऱ्यासारखी गिरकी थांबविण्याचा प्रयत्न फसला. दीपगृहाच्या झोताप्रमाणें त्याचा झोत पृथ्वीवरून फिरत राही. प्रयोग करणारांनीं धीर सोडला नाहीं. झोत आपल्यावर येई तेवढ्या क्षणांत मापें घेऊन त्यांनीं निष्कर्ष काढले.

खरी मोठी परीक्षा ए. टी. एस. ६ ची. हा उपग्रह ३० मे १९७४ रोजीं सुटला. त्याची जाळीदार छत्री नऊ मीटरांहून अधिक रुंद असून अवकाशांत गेल्यावर ती कळीप्रमाणें उमलली. सन १९७४ च्या शरदांत व १९७५ च्या पूर्वार्धांत अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाचें एक चार-इंजिनी जेट विमान या उपग्रहाशीं बोलत पुनःपुन्हां उडविण्यांत आलें. युरोपांतील संस्थांनींही त्यांत भाग घेतला. परीक्षा कशाकशाची? विमानाच्या पाठीवर अँटेना कोठें बसवावी म्हणजे पंख व शेपटी तिच्या आड येणार नाहींत? विमान वळण घेतांना कलतें, तेव्हां उपग्रह दृष्टीआड होतो काय? उपग्रहाकडून येणारी लहर थेट येते, तशीच ती समुद्राच्या पृष्ठभागावरून उसळूनही येते. दोन लहरी एकमेकींस मारून टाकतात काय? स्टेशनांतून वेगानें जाणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा सूर जसा बदलतो, तशी वेगवान विमानाच्या लहरींची कंपनसंख्या बदलते. ताशीं नऊशें किलोमीटर वेगास हा फरक एल-पट्ट्यांत सेकंदास सुमारें तेराशें कंपनांपर्यंत जातो. तो ओळखून यंत्रानें आपणास सांवरून घेतलें पाहिजे. हें सर्व कागदावर गणितानें येतें; पण खऱ्या समुद्रावर, खऱ्या वादळांत, गणित किती टिकतें हें पाहिल्यावांचून त्यावर तीनशें माणसांचा भार टाकणें हा अविचार होय.

येथें आपल्या देशाचा संबंध येतो. विमानांची ही परीक्षा आटोपल्यावर तोच उपग्रह हळूहळू सरकवीत ३५ अंश पूर्व रेखांशावर, आफ्रिकेच्या माथ्यावर, आणण्यांत आला. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत त्यानें भारतांतील सहा राज्यांच्या २,४०० खेड्यांस दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविले. साइट या नांवानें हा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याच्या कार्यक्रमाची धुरा वाहणारे एकनाथ वसंत चिटणीस हे कोल्हापूरचे. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. शेजारच्या आंध्र व कर्नाटकांतील खेड्यांत शेतकरी पडद्यासमोर बसले, मराठवाड्याच्या खेड्यांत नाहीं. परंतु त्या वर्षीं कळमनुरीच्या पश्चिम आकाशांत, क्षितिजापासून सुमारें सदतीस अंशांवर, तो उपग्रह उभा होताच. ज्या यंत्रानें अटलांटिकवरील वैमानिकाचा आवाज तोलून पाहिला त्यानेंच पुढें खेड्यांतील कुणब्यास पीकपाण्याची माहिती सांगितली. आकाशांत टांगलेल्या दिव्यास खालीं महाल आहे कीं झोंपडी हें कळत नाहीं. भेद असतो तो खालीं ग्रहण करणारें यंत्र कोणाजवळ आहे याचा.

महाराष्ट्रांत या विद्येचें घर पुणें जिल्ह्यांत नारायणगांवजवळ आर्वी येथें झालें. देशाचें पहिलें व्यापारी उपग्रह-भूकेंद्र तेथें उभें राहिलें व फेब्रुवारी १९७२ मध्यें राष्ट्रपति वराहगिरि वेंकटगिरि यांनीं तें राष्ट्रास अर्पण केलें. डॉ. विक्रम साराभाई दोन महिन्यांपूर्वींच निवर्तले होते. त्यांचें नांव केंद्रास देण्यांत आलें. समुद्रावरील जहाजांशीं उपग्रहामार्फत बोलण्याचें केंद्रही पुढें आर्वीसच झालें. आणि परीक्षेच्या साधेपणाचें एक चित्र तर सर्वतोमुखीं आहे. आपला ॲपल हा संदेशवाहक उपग्रह १९ जून १९८१ रोजीं फ्रेंच गियानांतून सुटला. तत्पूर्वीं त्याच्या अँटेनाची परीक्षा उघड्या मैदानांत करावयाची होती. लोखंडी मोटारगाडीवर तो ठेवला असतां धातूमुळें मापांत दोष आला असता. म्हणून शास्त्रज्ञांनीं लांकडी बैलगाडी भाड्यानें आणली व तिच्यावर उपग्रह चढविला. तें छायाचित्र पाहून परदेशांत कित्येकांस हंसूं आलें. आम्हांस त्यांत दारिद्र्य दिसत नाहीं, विवेक दिसतो. परीक्षेस जें साधन योग्य तें वापरावें, तें जुनें कीं नवें हा प्रश्नच गैरलागू आहे.

आतां हा सर्व खटाटोप कशासाठीं, याचें उत्तर दोन अपघातांत आहे, आणि त्यांतील पहिल्यानें तर आपल्या घरचाच माणूस नेला. २४ जानेवारी १९६६ रोजीं मुंबईहून लंडनकडे निघालेलें एअर इंडियाचें कांचनजंगा नांवाचें बोइंग विमान जिनिव्हास उतरण्यापूर्वीं आल्प्स पर्वतांतील माँ ब्लां शिखरावर आदळलें व त्यांतील ११७ जणांचा अंत झाला. डॉ. होमी भाभा त्यांत होते. चौकशींत असें निघालें कीं, विमानांतील दिशादर्शक साधनांपैकीं एक आधींच बंद पडलें होतें. आणि जिनिव्हाच्या नियंत्रकानें शिखर अद्याप पुढें आहे अशा अर्थीं जें सांगितलें, त्यावरून वैमानिकाची समजूत शिखर मागें पडलें अशी झाली. यंत्र बोललें, शब्द पोंचले, अर्थ मात्र वाटेंत हरवला. ज्यांच्या प्रोत्साहनानें सन १९६२ मध्यें देशांत अवकाश-संशोधनाची पहिली समिति स्थापन झाली, ते भाभा एका चुकलेल्या वाक्याचे बळी व्हावे, ही नियतीची क्रूर थट्टा होय.

दुसरा अपघात १२ नोव्हेंबर १९९६ चा. दिल्लीहून वर चढणारें सौदी विमान व दिल्लीस उतरणारें कझाक विमान यांची हरयाणांतील चरखी दादरीच्या शेतांवर टक्कर झाली. कझाक विमानानें १५,००० फुटांवर थांबावें अशी सूचना होती. तें त्याच्याही खालीं आलें. ३४९ माणसें मेलीं. उडत्या विमानांच्या टकरींत इतकी मोठी हानि जगांत दुसरी झालेली नाहीं. न्यायमूर्ति लाहोटी यांच्या चौकशींत कझाक चमूचें इंग्रजीचें अपुरें ज्ञान हाही एक मुद्दा पुढें आला. त्या विमानांत नियंत्रकाशीं बोलणारा निराळा, विमान चालविणारा निराळा. दोघांत सूचनेचा अर्थ सारखा पोंचला नाहीं. येथें उपग्रह असता तर अपघात टळला असता असें आम्ही म्हणत नाहीं. ही टक्कर विमानतळाच्या जवळ झाली. नित्याचा आवाज स्पष्ट ऐकूं येत होता. परंतु तिनें एक गोष्ट शिकविली: ऐकूं येणें व समजणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि परीक्षा दोहोंची झाली पाहिजे.

जगांतील विमानवाहतूक पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेस हें आधींच जाणवूं लागलें होतें. सत्तरीच्या दशकांत अमेरिका, युरोप व कॅनडा यांनीं केवळ विमानांसाठीं एरोसॅट नांवाचे उपग्रह सोडण्याचा संकल्प केला. पैशाच्या अडचणीमुळें तो सन १९७७ मध्यें सोडून द्यावा लागला. मग जहाजांसाठीं सन १९७९ मध्यें स्थापन झालेल्या इन्मार्सॅट या संस्थेनेंच विमानांचेंही काम करावें असें सन १९८५ मध्यें ठरलें. सन १९८३ मध्यें आंतरराष्ट्रीय संघटनेनें भावी हवाई मार्गदर्शनाचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमली होती. तिचा आराखडा सन १९९१ च्या मॉन्ट्रिअल परिषदेंत मान्य झाला. मध्यंतरीं जपाननें सन १९८७ मध्यें आपल्या स्वतंत्र उपग्रहामार्फत पॅसिफिकवर परीक्षा केली. शेवटीं सन १९९५ मध्यें दक्षिण पॅसिफिकवर बोइंग ७४७ विमानें या नव्या पद्धतीनें नियमित उडूं लागलीं. सिंकॉमवरील पहिल्या टंकमुद्रित संदेशापासून येथवर तीस वर्षें लागलीं. इतकी दिरंगाई कां, असें विचारणारास उत्तर हेंच कीं, आकाशांत दुरुस्तीचें दुकान नसतें.

या पद्धतीचें स्वरूप सोपें आहे. विमानाचें यंत्र ठराविक वेळानें स्वतःच आपलें स्थान, उंची व पुढील मार्ग उपग्रहाकडे पाठवितें. वैमानिकास तोंड उघडावें लागत नाहीं. नियंत्रकाची सूचना लेखी येते व वैमानिकाच्या समोरील पाटीवर उमटते. ती वाचून मान्य असल्यास मान्य, शक्य नसल्यास अशक्य, असें ठराविक उत्तर त्यानें कळ दाबून द्यावयाचें. उच्चार, तडतडाट, घाई यांचा प्रश्न राहत नाहीं. समुद्रावरील शंभर सागरी मैलांचें अंतर कांहीं मार्गांवर पन्नास व तीस मैलांपर्यंत आणतां आलें तें यामुळें. आपल्याकडे अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांवरील वाहतुकीसाठीं ही सोय आली. तरी जुनी लघुलहरींची व्यवस्था मोडली नाहीं. नवी काठी हातीं आली म्हणून जुनी फेंकावयाची नाहीं, हा विमानविद्येचा दंडक आहे.

भारताची स्वतःची मोठी कसोटी पुढें गगन या योजनेंत लागली. हिचें काम बोलण्याचें नव्हे, विमानास त्याचें अचूक स्थान सांगण्याचें आहे. पण दोन्ही विषय एकाच कुळांतले. अमेरिकेच्या जी. पी. एस. उपग्रहांवरून स्थान कळतें; त्यांतील चूक देशभर पसरलेल्या केंद्रांनीं मोजावयाची, बंगळूर येथें हिशेब करावयाचा, व दुरुस्तीचा संदेश आपल्या उपग्रहामार्फत विमानास द्यावयाचा. अशा पंधरा मापनकेंद्रांपैकीं एक नागपूरचें आहे. विमानतळ प्राधिकरण व अवकाश-संशोधन संस्था यांच्या या संयुक्त कामास ७७४ कोटि रुपये लागले. अमेरिका, युरोप व जपान यांनीं अशा व्यवस्था आधीं केल्या होत्या. त्यांची नक्कल कां केली नाहीं? कारण त्यांचे आकाश वेगळे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातें. त्याच्या दोन्ही बाजूंस ऊर्ध्व वातावरणांतील विद्युद्भार फुगवट्यासारखा जमतो, आणि आपल्याकडे तो फुगवटा मध्य भारतावर येतो. सूर्यास्तानंतर तो थर खवळतो व लहरींचा मार्ग चुकवितो. लघुलहरींच्या काळीं ज्या आरशानें माणसास सांवरलें, तोच आतां अडसर झाला. म्हणून आपल्या शास्त्रज्ञांस देशभर वर्षानुवर्षें मापें घेऊन आपल्या आकाशाचें स्वतंत्र गणित बसवावें लागलें.

सन २०११ मध्यें जीसॅट-८ व सन २०१२ मध्यें जीसॅट-१० हे उपग्रह गगनचीं यंत्रें घेऊन गेले. त्यांपैकीं दुसरा ८३ अंश पूर्व रेखांशावर नेण्यांत आला. कळमनुरीहून ती जागा दक्षिणेस किंचित् पूर्वेकडे, क्षितिजापासून सुमारें सहासष्ट अंशांवर येते. डोळ्यांस तेथें कांहींच दिसत नाहीं. ३० डिसेंबर २०१३ रोजीं प्रवासांतील मार्गदर्शनास व २१ एप्रिल २०१५ रोजीं उतरण्याच्या मार्गदर्शनास नागरी विमानवाहतूक संचालनालयाची मान्यता मिळाली. तरी परीक्षा संपली नाहीं. एप्रिल २०२२ मध्यें एक प्रवासी ए. टी. आर. विमान राजस्थानांतील किशनगढ येथें गगनच्या आधारें उतरविण्यांत आलें. आणि जून २०२३ च्या आरंभीं पवनहंस कंपनीच्या हेलिकॉप्टरनें याच साधनानें जुहू ते पुणें असें प्रात्यक्षिक उड्डाण केलें. ज्या जुहूस टाटांचें मुकें विमान सन १९३२ मध्यें उतरलें, त्याच जुहूहून एक्क्याण्णव वर्षांनीं हें उड्डाण निघालें, ही नोंद इतिहासप्रेमी वाचकांस आवडेल. अशा साधनाचा खरा लाभ मोठ्या शहरांस नाहीं. त्यांच्याजवळ उतरण्यासाठीं किंमती भूयंत्रें असतातच. जेथें तीं बसविणें परवडत नाहीं अशा लहान विमानतळांस ढगाळ दिवशीं विमान सुखरूप उतरविण्याची आशा यांत आहे. म्हणून हा खर्च आडगांवच्या माणसांसाठीं झाला असें म्हणण्यास जागा आहे.

आपत्तीच्या वेळचा एक धागा राहिला. संकटांत सांपडलेल्या विमानाचा वा जहाजाचा हांकारा उपग्रहानें टिपावा यासाठीं अमेरिका, कॅनडा, फ्रान्स व सोव्हिएत रशिया यांनीं मिळून एक व्यवस्था केली, तीही शीतयुद्धाच्या ऐन भरांत. तिचा पहिला उपग्रह जून १९८२ मध्यें सुटला, आणि परीक्षा चालूं असतांनाच सप्टेंबरांत कॅनडाच्या डोंगरांत कोसळलेल्या एका लहान विमानाचा शोध लागून तिघे वांचले. भारत या व्यवस्थेंत सामील झाला व इन्सॅट मालिकेंतील उपग्रहांवर अशीं यंत्रें गेलीं.

याच्या उलट गोष्ट ८ मार्च २०१४ ची. मलेशियाचें विमान २३९ माणसांसह कुआलालंपूरहून निघालें व नाहींसें झालें. वैमानिकाचा आवाज थांबला, रडारवरील खूण मावळली. परंतु हिंदी महासागरावरील इन्मार्सॅट उपग्रह व विमानांतील यंत्र यांच्यांत, आहेस काय, आहे, अशी मूक विचारपूस कांहीं तास चालूं राहिली. त्या निरोपांत स्थान नव्हतें. पण निरोपास लागलेला वेळ व विमानाच्या वेगानें कंपनसंख्येंत पडलेला सूक्ष्म फरक यांवरून गणितज्ञांनीं विमान दक्षिणेकडे समुद्रावर गेलें असा निष्कर्ष काढला. सन १९७५ मध्यें जो फरक दोष म्हणून मोजला, तोच चाळीस वर्षांनीं एकमेव साक्षीदार ठरला. परीक्षेच्या वहींतील कोणतीही नोंद निरुपयोगी नसते, याचा याहून ठळक दाखला आमच्या पाहण्यांत नाहीं. या अपघातानंतर मोठ्या प्रवासी विमानानें समुद्रावर निदान दर पंधरा मिनिटांस आपला ठाव कळविला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम नोव्हेंबर २०१८ पासून अंमलांत आला.

इतकें होऊनही निर्धास्त होण्यासारखी स्थिति नाहीं. अलीकडच्या वर्षांत युद्धक्षेत्रांच्या जवळपास खोट्या लहरी सोडून विमानांस भलतेंच स्थान दाखविण्याचे प्रकार वाढले आहेत. पूर्वीं परीक्षकाचा झगडा निसर्गाशीं होता. वादळ कपट करीत नाहीं. आतां तो माणसाच्या कपटाशीं आहे. दुसरी एक विसंगति अशी कीं, उपग्रहाचा पल्ला प्रवाशांच्या करमणुकीसही लाभला. सन २०१८ च्या नियमांनीं भारताच्या आकाशांत विमानांतून इंटरनेट वापरण्याची वाट मोकळी झाली, व सप्टेंबर २०२० मध्यें विस्तारा कंपनीनें तशी सोय सुरू केली. तिच्या मागें नवी मुंबईच्या नेल्को कंपनीचें भूकेंद्र होतें. नोव्हेंबर २०२४ मध्यें सुटलेल्या जीसॅट-एन२ च्या हेतूंतही विमानांतील इंटरनेट आहे. आमची तक्रार नाहीं. परंतु प्रवाशाच्या सिनेम्याची वाहिनी व वैमानिकाच्या शब्दाची वाहिनी यांच्या मोलांत जो भेद आहे, तो धोरण ठरविणारांनीं विसरूं नये. पहिली तुटली तर कंटाळा येतो; दुसरी तुटली तर काय होतें तें आपण वर पाहिलें.

या इतिहासाचें सार आम्हांस असें वाटतें. उपग्रहानें माणसाच्या आवाजास अंतराचें बंधन राहूं दिलें नाहीं. पण आवाजाचा अर्थ पोंचविण्याची जबाबदारी त्यानें माणसाकडेच ठेविली. म्हणूनच वैमानिक आजही मिळालेली तोंडी सूचना शब्दशः उलट म्हणून दाखवितो, व नियंत्रक ती ऐकून चूक असल्यास दुरुस्त करतो. आमच्या लहानपणीं पाढे म्हणून घेणारे गुरुजी हेंच करीत. ही पुनरुक्ति अविश्वासाची खूण नव्हे. दुसऱ्याच्या जिवाची काळजी वाहणाराची ती शिस्त आहे. याच हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ विश्वांतील गुरुत्वलहरी ऐकण्याची प्रचंड प्रयोगशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें सन २०२३ मध्यें संमति दिली आहे. कोट्यवधि प्रकाशवर्षांपलीकडची कुजबुज ऐकूं पाहणाऱ्या या भूमीवरून रोज शेंकडों माणसें दहा किलोमीटर उंचीवरून जातात. त्यांचा शब्द खालीं नीट पोंचावा, यासाठीं साठ वर्षें झटलेल्या व बहुतांशीं निनांवी राहिलेल्या परीक्षकांचें ऋण विमानांत बसणारानें एकदां तरी मनांत आणावें, इतकेंच आमचें मागणें आहे.